सीनियर पोर्ट्रेटमध्ये दोघी बहिणी: मान थोरलीचा, चेहरे दोघींचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीतील एका मराठी कुटुंबाने तुम्हाला थोरल्या मुलीच्या सीनियर पोर्ट्रेटचे काम दिले आहे. ती सप्टेंबरात बारावीत जाईल. धाकटी दहावीत जाणार आहे. ती थोरलीपेक्षा उंच आहे, तिचा वर्ण अधिक सावळा आहे आणि तिच्या दातांना तारा आहेत. दोघींना एकसारखे कपडे घालून बहुतेक फोटो एकत्रच काढावेत, म्हणजे ते सांगलीला आजी-आजोबांना पाठवता येतील, अशी आईची इच्छा आहे. थोरली यावर नाराज आहे आणि धाकटी यायलाच फारशी उत्सुक नाही. तुम्ही आजवर मंडळाचा गणेशोत्सव, मुंजी आणि नृत्याचे कार्यक्रम टिपले आहेत, तुमच्याकडे ५० आणि ८५ मिलिमीटरच्या लेन्स आहेत, आणि वेळ, जागा, कपडे, प्रकाश व उभे करण्याची पद्धत यांबद्दल तुम्हाला मार्गदर्शन हवे आहे.

पहिली गोष्ट अशी की, तुमच्याकडे आलेले काम एक नसून दोन आहेत, आणि ती वेगळी ठेवली तरच दोन्ही चांगली होतील. सीनियर पोर्ट्रेट हे थोरलीचे आहे. अमेरिकेत हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला जो मान आहे, त्याची खूण म्हणून हे फोटो काढले जातात, आणि त्यात ती मुलगी आज कोण आहे हे दिसावे अशी अपेक्षा असते. सांगलीच्या आजीला हे समजावून सांगायचे असेल, तर दहावीच्या निरोप समारंभाला आईची साडी नेसून मैत्रिणींबरोबर फोटो काढणाऱ्या मुली आठवायला सांगाव्यात. तो दिवस मुलीचा असतो आणि घरातल्या सगळ्यांना ते मान्य असते. दोघी बहिणींचा एकत्र फोटो ही दुसरी आणि तितकीच मोलाची गोष्ट आहे, कारण पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये थोरली कॉलेजसाठी घराबाहेर पडेल आणि दोघींचे रोजचे एकत्र राहणे तिथे संपेल. परंतु पहिल्या कामात दुसरे मिसळले, तर थोरलीला आपला दिवस वाटून घेतल्यासारखे वाटते आणि धाकटीला आपण सजावटीसाठी आणलो गेलो आहोत असे वाटते. दोघींचीही ती नाराजी चेहऱ्यावर उमटते आणि नंतर कोणत्याही संपादनाने ती पुसता येत नाही.

म्हणून चित्रीकरणाच्या आधी आईशी एकदा आणि मुलींशी वेगळे एकदा बोला. आईला शाळेच्या बाजूच्या गोष्टी विचारून घ्या. बहुतेक शाळांमध्ये इयरबुकमध्ये (शाळेच्या वार्षिक छायाचित्र-पुस्तकात) छापायचा औपचारिक फोटो शाळेने नेमलेला स्टुडिओ काढतो; त्यात मुलींना खांद्यांवरून घ्यायचे काळे वस्त्र (ड्रेप) देतात, पार्श्वभूमी सर्वांची एकच असते आणि फोटो देण्याची मुदत बहुधा शरद ऋतूतच संपते. काही शाळा बाहेरच्या छायाचित्रकाराचा फोटो स्वीकारतात, पण डोक्याचा आकार, पार्श्वभूमी आणि आडवा-उभा यांचे नियम ठरवून देतात. ते नियम लेखी मागवून घ्या. इयरबुकच्या त्या चौकटीत दोघींचा फोटो चालत नाही. मात्र अनेक इयरबुकांत पालक पैसे भरून आपल्या मुलांसाठी शुभेच्छांचे पान किंवा अर्धे पान घेतात. बहिणींचा एकत्र फोटो तिथे शोभतो, आणि ही माहिती दिली की आईची अर्धी चिंता मिटते.

मुलींशी बोलताना थोरलीला विचारा की, या फोटोंत तिला स्वतःबद्दल काय दिसायला हवे आहे. ती व्हायोलिन वाजवत असेल, मैदानावर धावत असेल, कथक शिकत असेल किंवा यांपैकी काहीच करत नसेल; उत्तर काहीही असले तरी ते तिचे असू द्या. धाकटीला वेगळे विचारा की, तिला स्वतःचे एकटीचे दोन-चार चांगले फोटो हवे आहेत का. पंधरा वर्षांच्या मुलीला कुणीतरी हा प्रश्न गांभीर्याने विचारला, की तिची येण्याची तयारी बदलते, असा माझा नेहमीचा अनुभव आहे. तिच्या एकटीच्या फोटोंसाठी दहा मिनिटे राखून ठेवा आणि दिलेला शब्द पाळा.

वेळेची आखणी मी अशी करते. साधारण दोन तासांचे चित्रीकरण धरावे आणि ते सूर्यास्तापाशी संपेल अशा बेताने सुरू करावे. मध्य न्यू जर्सीत जूनच्या अखेरीस सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो, सप्टेंबरच्या मध्यास सातच्या थोडा पुढे आणि ऑक्टोबरच्या अखेरीस सहाच्या आसपास. नोव्हेंबरात घड्याळे मागे गेली की शाळा सुटल्यावर उजेड फार थोडा उरतो. पानगळीचे रंग हवे असतील, तर ऑक्टोबरचा शेवट आणि नोव्हेंबरचा पहिला आठवडा हा काळ धरावा, पण शाळेची मुदत त्याआधीची असेल तर रंगांचा मोह सोडावा. पहिली चाळीस मिनिटे फक्त थोरली आणि तिच्याबरोबर घरातील एक मोठी व्यक्ती असावी. धाकटीला वडिलांनी किंवा मावशीने नंतर घेऊन यावे. याचे कारण साधे आहे. बहीण बाजूला उभी राहून बघत असेल, तर कॅमेऱ्यापुढे पहिल्यांदा उभी राहणारी मुलगी मोकळी होत नाही, आणि बघणारीही पाऊण तास कंटाळून मग चौकटीत येते. धाकटी आली की पंचवीस-तीस मिनिटे दोघींचे एकत्र फोटो घ्यावेत, मग धाकटीची दहा मिनिटे, आणि शेवटचा सोनेरी प्रकाश पुन्हा थोरलीला द्यावा. तो प्रकाश एकत्र फोटोंसाठी ठेवावा असे वाटणे स्वाभाविक आहे, पण ज्या मुलीचे हे वर्ष आहे तिच्या वाट्याला दिवसातला सर्वात सुंदर प्रकाश यायला हवा, यावर मी ठाम आहे.

जागा निवडताना सूर्य कुठे असेल ते आधी पाहा. जर्सी सिटीच्या लिबर्टी स्टेट पार्कमधून मॅनहॅटनच्या इमारती दिसतात म्हणून सगळे तिथे जाऊ पाहतात. मात्र त्या इमारती पूर्वेला आहेत. त्या मागे घेऊन मुलींना उभे केले, तर संध्याकाळचा सूर्य थेट त्यांच्या डोळ्यांत जातो आणि दोघीही डोळे बारीक करतात. तिथे सूर्य क्षितिजाखाली गेल्यानंतरच्या वीस मिनिटांत काम करावे. आकाश मऊ गुलाबी-निळे असते, इमारतींचे दिवे लागलेले असतात आणि चेहऱ्यावर पश्चिमेकडचा सौम्य उजेड पडतो. ॲस्बरी पार्कच्या किनाऱ्यावर समुद्र पूर्वेला असल्याने संध्याकाळी सूर्य गावामागे जातो, त्यामुळे वाळूवर सपाट पण सुखद उजेड मिळतो. सोनेरी कडा हवी असेल तर तिथे पहाटे जावे लागते, आणि किशोरवयीन मुलींना पहाटे पाचला उठवून काढलेले फोटो क्वचितच चांगले येतात. नूअर्कच्या ब्रँच ब्रूक पार्कमध्ये एप्रिलमध्ये चेरीची हजारो झाडे फुलतात. थोरलीचे शाळा संपतानाच्या समारंभाच्या टोपी-झग्यातले फोटो वसंतात काढायचे ठरले, तर ते ठिकाण लक्षात ठेवा, मात्र शनिवार-रविवार टाळा. अनेक उद्यानांत आणि विद्यापीठांच्या आवारात व्यावसायिक छायाचित्रणासाठी परवानगी लागते. ती आधी घ्या, कारण पहारेकऱ्याने मध्येच हटकले तर मुलींचा सगळा मोकळेपणा जातो.

तरीसुद्धा, दोघींच्या एकत्र फोटोंसाठी मी शक्यतो त्यांच्या ओळखीची जागा निवडते: घराच्या पुढच्या पायऱ्या, गल्लीच्या टोकाचा शाळेच्या बसचा थांबा, घरामागचे अंगण, लहानपणी ज्या ग्रंथालयात त्या जात होत्या त्याची भिंत. ओळखीच्या जागेत बहिणींना एकमेकींशी कसे वागायचे ते माहीत असते. अनोळखी, देखण्या जागेत त्या पाहुण्यांसारख्या उभ्या राहतात.

आता कपडे. एकसारखे कपडे नकोत, हे आईला प्रेमाने पण स्पष्ट सांगा. एकसारख्या कपड्यांत पाहणाऱ्याची नजर आपोआप तुलना करू लागते: कोण उंच, कोण गोरी, कोण बारीक. डायान आर्बस यांनी १९६० च्या दशकात याच न्यू जर्सीतील रोझेल गावात टिपलेले जुळ्या मुलींचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. पांढऱ्या कॉलरच्या एकसारख्या गडद पोशाखात दोघी शेजारी उभ्या आहेत आणि कपडे सारखे असल्यामुळेच एकीचे किंचित हसू आणि दुसरीचे न हसणे मनात रुतते. कलाकृती म्हणून ते थोर आहे, पण आजीच्या भिंतीसाठी आपल्याला ती तुलना नको. त्याऐवजी दोघींचे रंग एकाच कुळातले असावेत. थोरलीने आईची जांभळी किंवा मोरपंखी पैठणी नेसली, तर धाकटीने तिच्या काठातला एक रंग घेऊन खणाचा कुर्ता किंवा साधा सुती ड्रेस घालावा. पैठणीच्या जरीवर थेट ऊन पडले की पदर पांढरा फटक दिसतो, म्हणून साडीचे फोटो सावलीत घ्या. साडी नीट नेसायला आणि पिना लावायला सहज अर्धा तास जातो, तेव्हा तो पोशाख पहिला ठेवून थोरलीला घरूनच तयार होऊन यायला सांगा आणि नंतर तिला सुटसुटीत कपडे बदलू द्या. साडीतले एकत्र फोटो हवे असतील, तर धाकटीला तेवढ्यापुरते लवकर बोलवावे लागेल. अशा वेळी तिच्यासाठी पुस्तक आणि खाऊ बरोबर ठेवायला सांगा. बारीक चौकडी आणि अगदी अरुंद पट्टे डिजिटल कॅमेऱ्यात लाटांसारखी जाळी निर्माण करतात, आणि झगझगीत गुलाबी किंवा पोपटी रंग शेजारच्या बहिणीच्या गालावर आपली छटा टाकतो, म्हणून हे दोन्ही टाळा. शाळेच्या मुख्य संघातील खेळाडूंना मिळणारे वर्सिटी जॅकेट हा थोरलीचा एकटीचा मान आहे; ते धाकटीच्या खांद्यावर टाकून गंमत म्हणून फोटो काढायचा असेल, तर आधी थोरलीची परवानगी विचारा.

दोघींना उभे करण्याच्या बाबतीत मला सर्वात जास्त सांगायचे आहे, कारण बहुतेक एकत्र फोटो इथेच बिघडतात. पाठीला पाठ लावून हाताची घडी, दोन हातांनी केलेले बदामाचे चिन्ह, एकीने दुसरीच्या गालाला गाल लावणे, हे सगळे मुली स्वतःच्या फोनवर स्वतःच करतात. तुम्हाला त्यासाठी बोलावलेले नाही. त्यांच्यातले खरे अंतर आधी पाहा. काही बहिणी एकमेकींच्या अंगावर रेलल्याशिवाय बसतच नाहीत. काही एकमेकींवर जिवापाड प्रेम करतात, पण स्पर्श करत नाहीत. दुसऱ्या प्रकारच्या बहिणींना मिठी मारायला लावली, की खांदे ताठ होतात आणि बोटे चिमटीसारखी पकडतात. बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात जॉन सिंगर सार्जंट यांनी १८८२ मध्ये रंगवलेले बॉइट कुटुंबातील चार मुलींचे भव्य, जवळजवळ चौरस चित्र आहे. धाकटी गालिच्यावर बाहुली घेऊन बसली आहे, एक डावीकडे एकटीच उभी आहे आणि दोन मोठ्या मुली मागच्या अंधारात आहेत, त्यांतली एक तर उंच फुलदाणीला टेकून चेहरा वळवून उभी आहे. कुणीही कुणाला मिठी मारलेली नाही, आणि तरीही त्या एका घरातल्या आहेत हे पटते. तुम्हाला संधी मिळाली तर ते चित्र समोर उभे राहून पाहा. अंतर ठेवूनही नाते दाखवता येते, हे त्यातून जितके समजते तितके माझ्या सांगण्यातून समजणार नाही.

मी पोझ देण्याऐवजी काम देते. थोरलीला धाकटीची वेणी घालायला सांगते. पायऱ्यांवर बसून एकमेकींना फोनमधला लहानपणीचा एखादा फोटो दाखवायला सांगते. बुटक्या भिंतीवरून धाकटीला चालायला आणि थोरलीला खालून हात धरायला सांगते, किंवा दोघींना माझ्याकडे पाठ करून वीस पावले चालत जाऊन काही तरी बोलत परत यायला सांगते. चालताना शटर स्पीड १/५०० सेकंदापेक्षा कमी ठेवू नये. स्थिर बसलेल्या असतील तर १/२५० पुरतो. हसवण्याचा प्रयत्न करू नका; हसू आले की ते संपेपर्यंत थांबा, कारण खळखळून हसण्याच्या क्षणी डोळे मिटलेले असतात आणि हसू ओसरत असताना, जेव्हा दोघी श्वास घेऊन एकमेकींकडे पाहतात, तेव्हा चेहरा सर्वात खरा असतो. सूचना देताना एकीचे नाव घेऊन तिलाच सांगा. ‘ताईसारखी मान कर’ हे वाक्य तुमच्या तोंडून कधीही जाता कामा नये. केस किंवा ओढणी नीट करायची असेल, तर हात लावण्याआधी विचारा. बहुतेक वेळा ते काम दुसऱ्या बहिणीलाच सांगावे, आणि त्यातूनच कित्येकदा सर्वोत्तम फोटो मिळतो.

हातांकडे लक्ष द्या. मोकळे लोंबणारे चार हात चौकटीत आले की फोटो बावळट दिसतो. एक हात खिशात, एक पायरीच्या कठड्यावर, एक बहिणीच्या कोपरात, असे प्रत्येक हाताला ठिकाण मिळू द्या. उभ्या असतील तर दोघींचे खांदे कॅमेऱ्याकडे सपाट न ठेवता किंचित एकमेकींकडे वळवा आणि शरीराचा भार मागच्या पायावर घ्यायला सांगा.

धाकटी उंच आहे, ही गोष्ट लपवायची की नाही, हे थोरलीला विचारून ठरवा. काही मुलींना त्याचे काहीच वाटत नाही, काहींना ते मनापासून लागते. लपवायचे असेल तर पायऱ्यांवर उंच बहिणीला एक पायरी खाली बसवा. लपवायचे नसले तरी दोघींचे डोळे एकाच रेषेत आणू नका. एकीचे डोळे दुसरीच्या ओठांच्या किंवा हनुवटीच्या उंचीला असले, की नजर एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर सहज जाते. बुटक्या बहिणीला मोठी दाखवण्यासाठी तिला पुढे आणि दुसरीला मागे ठेवणे हा सोपा उपाय आहे, पण तो ५० मिलिमीटरच्या लेन्सने जवळून केला तर पुढचा चेहरा अस्वाभाविक मोठा दिसतो. त्यासाठी ८५ वापरा आणि मागे सरका.

आता फोकसविषयी. एकीच्या फोटोंची सवय असलेले छायाचित्रकार ॲपर्चर (लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र; एफचा आकडा लहान तितके ते मोठे) पूर्ण उघडून दोघींचे फोटो काढतात आणि घरी गेल्यावर कळते की धाकटीचे डोळे धूसर आहेत. फुलफ्रेम कॅमेऱ्यावर ८५ मिलिमीटरची लेन्स एफ/२ वर असेल आणि मुलगी अडीच मीटरवर असेल, तर स्पष्टतेची खोली, म्हणजे जेवढ्या अंतरातले सगळे स्पष्ट दिसते ती, सुमारे १० सेंटिमीटर मिळते. एफ/४ वर ती दुप्पट होते आणि एफ/५.६ वर सुमारे २९ सेंटिमीटर होते. दोन बहिणी अर्ध्या पावलाच्या फरकाने उभ्या राहिल्या, तरी हे अंतर संपते. म्हणून दोघींसाठी एफ/४ ते एफ/५.६ मध्ये काम करा, थोडे मागे जा, आणि दोघींचे चेहरे शक्य तितके कॅमेऱ्याच्या समांतर एकाच पातळीत ठेवा. पार्श्वभूमी पुसट हवी असेल, तर ॲपर्चर उघडण्यापेक्षा मुलींना भिंतीपासून किंवा झाडांपासून दूर पुढे आणा. कॅमेरा स्वतः डोळे ओळखत असला तरी तो एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर उडी मारतो. जवळच्या मुलीचा डोळा तुम्ही निवडा आणि प्रत्येक मांडणीनंतर दोन्ही चेहरे मोठे करून तपासा.

आणि आता वर्ण. या प्रश्नाला मी सर्वात जास्त महत्त्व देते. आपल्या घरांत दोन बहिणींच्या वर्णातला फरक हा बोलण्याचा विषय असतो. लग्नकार्यात, सुट्टीत गावी गेल्यावर आणि फोटो पाहताना सावळ्या मुलीने तो कितीदा तरी ऐकलेला असतो. तुमच्या फोटोत ती बहिणीशेजारी विनाकारण काळवंडलेली दिसली, तर त्या बोलण्यात तुमची भर पडते. आणि तिला धुऊन गोरी केली, तर त्याहून वाईट, कारण तिचा खरा वर्ण दाखवण्याजोगा नाही असे तुम्ही तिला लेखी सांगता. दोन्ही टाळण्याचा मार्ग तांत्रिक आहे आणि तो चित्रीकरणाच्या वेळीच करावा लागतो.

कॅमेऱ्याचा मीटर दृश्याला मध्यम करड्याकडे ओढतो, त्यामुळे पांढरी भिंत मागे असली की दोघीही काळवंडतात आणि गर्द झाडी मागे असली की गोऱ्या बहिणीचा चेहरा जळतो, म्हणजे तपशील जाऊन पांढरा पडतो. एकूण दृश्यावर विसंबू नका. गोरीच्या कपाळावरचा सर्वात उजळ भाग जळणार नाही इतपतच प्रकाश कॅमेऱ्यात घ्या आणि सावळ्या बहिणीला प्रकाशाच्या बाजूला उभी करा. म्हणजे आकाशाचा, खिडकीचा किंवा परावर्तकाचा जास्त उजेड आपसूक तिच्यावर पडतो आणि दोघींच्या चेहऱ्यांतील तपशील सारखाच दिसतो. कृत्रिम प्रकाश वापरत असाल, तर तो जवळ ठेवू नका. दिवा एकीपासून दीड मीटर आणि दुसरीपासून दोन मीटर असेल, तर दुसरीला जवळजवळ एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा) कमी प्रकाश मिळतो. तोच दिवा चार आणि साडेचार मीटरवर नेला, तर हा फरक एक तृतीयांश स्टॉपवर येतो. दिवा दूर न्यायचा म्हणून त्यावरचा सॉफ्टबॉक्स (प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी) मोठा घ्यावा, कारण सावळ्या त्वचेवर मोठ्या, मऊ प्रकाशाची चमक गालाची आणि नाकाची घडण उठावदार करते. ही चमक पावडर लावून पूर्ण मारू नका.

सावळ्या त्वचेला हिरवळीची बाधाही लवकर होते. झाडाखाली, गवतावर उभे केले की खालून हिरवी छटा हनुवटीवर आणि गळ्यावर येते आणि चेहरा आजारी दिसतो. मुलींना काँक्रीटच्या किंवा फिकट रेतीच्या वाटेवर उभे करा. तीच जमीन फुकटचा परावर्तक होते. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या छटेप्रमाणे रंग जुळवण्याची सोय) स्वयंचलित ठेवू नका. जागा बदलली की करड्या कार्डाचा एक फोटो घ्या, म्हणजे त्यावरून रंग जुळवता येतात. एकेकाळी रंगीत फिल्मच्या प्रयोगशाळांत छपाई जुळवण्यासाठी कोडॅकचे जे नमुना कार्ड वापरत आणि ज्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत, त्यावर बराच काळ गोऱ्या स्त्रीचाच चेहरा असे. आज विकत मिळणारे अनेक प्रीसेटही (संपादनातील रंगांचे तयार साचे) सावळ्या त्वचेला एक तर नारिंगी करतात किंवा राखाडी. एकच प्रीसेट दोघींवर टाकून मोकळे होऊ नका. आधी सावळ्या बहिणीची त्वचा खरी दिसेल असा रंग ठरवा, मग दुसरीकडे वळा. आईने किंवा आत्याने नंतर ‘धाकटीला जरा उजळ करा’ असे सांगितले, तर मी शांतपणे सांगते की प्रकाश कमी पडला असेल तर तो मी नक्की वाढवेन, वर्ण मात्र बदलणार नाही. आजवर यावरून कुणी काम काढून घेतले नाही, आणि घेतले असते तरी माझे उत्तर तेच राहिले असते.

दातांच्या तारांबद्दल धाकटीलाच विचारा. ओठ मिटून हसायचे असेल तर तिला तसे हसू द्या. संपादनात तारा पुसून टाकणे तिने स्वतः मागितल्याशिवाय करू नका, कारण काही वर्षांनी हाच तपशील तिला त्या वयाची आठवण देतो. आज असलेली आणि आठवड्यात जाणारी मुरुमे काढायला हरकत नाही; तीळ, जन्मखूण, जुना व्रण यांना हात लावू नये. चष्मा रोजचा असेल तर तो राहू द्या; काचेत आकाश दिसत असेल तर हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगा किंवा चष्म्याच्या दांड्या कानांवर अगदी थोड्या वर उचला.

आई तिथे असणारच, आणि मुली अल्पवयीन असल्याने घरातले मोठे कुणीतरी असायलाच हवे. मात्र आई तुमच्या खांद्यामागे उभी राहून ‘नीट हस’, ‘पाठ सरळ कर’ असे सांगू लागली, की मुली तुमच्याकडे पाहायचे सोडून तिच्याकडे पाहतात. तिला परावर्तक धरायला द्या, पुढच्या पोशाखाची पिशवी सांभाळायला द्या, आणि शेवटी पाच मिनिटे तिला स्वतःला दोघींच्या मध्ये उभी करा. इतका वेळ जुळवाजुळव करणाऱ्या आईला या फोटोची अपेक्षा नसते, म्हणून तो हमखास काढावा.

फोटो तुमच्या पानावर टाकायचे असतील, तर पालकांची लेखी संमती घ्याच, पण दोघी मुलींचीही वेगवेगळी विचारा; एकीने नाही म्हटले तर एकत्र फोटो टाकू नये. शाळेचे नाव छापलेले जॅकेट, घराचा क्रमांक, गाडीची पाटी हे सार्वजनिक फोटोत दिसणार नाही याची काळजी घ्या.

निवड करताना थोरलीचे फोटो तिला वेगळ्या संचात द्या, धाकटीचे तिला आणि एकत्र फोटो तिसऱ्या संचात. त्या तिसऱ्या संचातून मुलींना आईच्या आधी निवड करू द्या. आजी-आजोबांसाठी कोणता फोटो जावा यावर आईचे आणि मुलींचे मत वेगळे निघाले, तर दोन प्रती पाठवायला सुचवा: एक कॅमेऱ्याकडे पाहणारा, आणि एक वेणी घालतानाचा किंवा चालतानाचा.

कुटुंबाला हे पुढे चालू ठेवायचे असेल, तर छायाचित्रकार निकोलस निक्सन यांच्या कामाची आठवण करून द्यावी. त्यांनी १९७५ पासून चार बहिणींची दरवर्षी एक प्रतिमा प्रसिद्ध केली, मोठ्या ८ बाय १० इंची कॅमेऱ्याने, आणि डावीकडून उजवीकडे त्यांचा क्रम दरवेळी तोच ठेवला. तुमच्या या दोघींनीही यंदाची जागा आणि क्रम लिहून ठेवावा, आणि थोरली कॉलेजमधून थँक्सगिव्हिंगला घरी आली की त्याच पायऱ्यांवर, त्याच क्रमाने एक फोटो घ्यावा. तुम्ही नसलात तर वडिलांनी फोनवर घेतला तरी चालेल.

शेवटी छपाईविषयी एक सूचना, कारण मोठ्या प्रती मागवताना ती हमखास अडते. तुमच्या कॅमेऱ्याची चौकट ३:२ या प्रमाणात आहे, तर अमेरिकेत भिंतीवर लावायला ८ बाय १० इंची फ्रेम सर्वात सहज मिळते. पूर्ण फोटो ८ बाय १२ मध्ये बसतो, त्यामुळे ८ बाय १० करताना लांबीतले दोन इंच कापले जातात आणि उभ्या फोटोत एकीचे पाय किंवा दुसरीचे केस जातात. एकत्र फोटोंत वर-खाली मोकळी जागा सोडा. आजीसाठीची प्रत मात्र १२ बाय १८ मध्ये, काहीही न कापता, मॅट कागदावर छापा आणि फ्रेमशिवाय कडक नळकांड्यात घालून पाठवा. फ्रेम सांगलीत बसवून घेता येते, काच मात्र प्रवासात टिकत नाही.